पुरुषाचं एस्ट्राडायॉल मोजायला निघालो तर: तीन ठिकाणं, पाच रिपोर्ट आणि एक काटेवाला

रिपोर्टवर माझ्या एस्ट्राडायॉलचा, म्हणजे बायकांचं समजल्या जाणाऱ्या हार्मोनचा, आकडा होता ६१, आणि त्याच्यापुढं बाईच्या पाळीचे टप्पे छापले होते: फॉलिक्युलर फेज, ओव्ह्युलेशन, ल्युटिअल फेज, मेनोपॉजनंतर. यातल्या कोणत्या रांगेत मी बसतो ते कलेक्शन सेंटरच्या बाकड्यावर बसून दहा मिनिटं शोधत होतो. वय ४७, मिशी आहे, दोन लेकरांचा बाप. पुरुषांसाठी रांगच नव्हती.

तर या तपासणीबद्दल लिहितोय. लॅबची नावं घालणार नाही. कोणाचा धंदा बुडवायचा नाही मला. कोणत्या पद्धतीनं मोजलं तर काय हाती येतं, एवढंच सांगायचं आहे. आमच्याकडं याबद्दल मराठीत कोणी सांगत नाही, आणि पुरुष तर या विषयावर तोंडच उघडत नाही.

मी हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगवर धरमकाटा सांभाळतो. ६० टनांचा काटा, आकडा १० किलोंनी सरकतो. भरलेल्या ट्रकवर तुम्ही ४ किलोचं गाठोडं ठेवा, काट्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून तो खोटा नव्हे. दरवर्षी वैधमापनवाले येऊन शिक्का मारून जातात. तो ट्रकसाठी बनलेला आहे, गाठोड्यासाठी नाही. ही गोष्ट मला रोज दिसते, पण रक्ताच्या बाबतीत कळायला चार महिने आणि सहा हजारांच्या आसपास रुपये गेले.

सुरुवात दिवाळीनंतरची. कापसाचा सीझन जोरात, काट्यावर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. छातीच्या डाव्या बाजूला शर्ट घासला की दुखायचं. हात लावला तर बोंडीमागं सुपारीएवढं काहीतरी कडक. महिनाभर कोणालाच सांगितलं नाही. शेवटी बायकोनंच पाहिलं. म्हणाली, "अहो, दाखवून या ना एकदा. लाजता कायले?" तालुक्याच्या एका डॉक्टरकडं गेलो. त्यांनी हात न लावताच चिठ्ठी लिहिली: टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लिव्हर, आणि शेवटी ई-टू. म्हणजेच एस्ट्राडायॉल.

सेंटरवर रक्त काढणाऱ्या पोरानं चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं. "काका, हे तं लेडीजचं असते. चुकून लिवलं असंन." मी म्हटलं, लिहिलंय तर कर बाप्पा. त्याचा दोष नाही, बहुतेकांना असंच वाटतं. खरी गोष्ट अशी की पुरुषाच्या अंगातही एस्ट्राडायॉल असतं आणि लागतंही, हाडांसाठी तर चांगलंच लागतं. ते बनतं टेस्टोस्टेरॉनपासूनच, ॲरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळं, आणि त्यातलं पुष्कळसं चरबीत बनतं. फक्त प्रमाण फार कमी: साधारण १० ते ४० पिकोग्रॅम दर मिलिलिटरला. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक. बाईच्या पाळीच्या मध्यावर हाच आकडा दोनशे-तीनशेच्या पुढं जातो, आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनं चालू असताना हजारांत.

म्हणजे ट्रक कोणता आणि गाठोडं कोणतं ते कळलं असेल.

पहिला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर. ६५० रुपये, सेवा झटपट, पोरगं नम्र, सुई टोचल्याचं कळलंही नाही. आकडा ६१. डॉक्टरांनी तो पाहिला आणि रोज एक गोळी लिहून दिली. मेडिकलवाला माझ्या ओळखीचा. चिठ्ठी वाचून तो हळूच म्हणाला, "भाऊ, ही तं बायकायच्या कॅन्सरची गोळी हाये. कोनासाठी नेऊन राहिले?" ॲनास्ट्रोझोल होतं ते. ॲरोमाटेज बंद करणारं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात. मी गोळी घेतली नाही, घरी आलो आणि भाच्याला फोन लावला. भाचा डीएमएलटी करून नागपूरला लॅबमध्ये आहे.

त्यानं पहिला प्रश्न आकड्याबद्दल विचारलाच नाही. "मामा, रिपोर्टवर बारीक अक्षरात मेथड लिहिलं असन, ते वाचा." वाचलं: ईसीएलआयए, म्हणजे रसायनातून निघणारा प्रकाश मोजून आकडा काढणारी मशिनची रीत. "बरं. आन् तुमी ते केसाच्या गोळ्या खाऊन राहिले ना अजून?"

खात होतो. टक्कल पडायला लागलं म्हणून पोरीनं आणून दिलेल्या, बायोटिनच्या, १० मिलिग्रॅमच्या. आता हे बायोटिन माणसाला दिवसाला लागतं किती? साधारण ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत तीनशे तेहतीस दिवसांचा कोटा. केसांना त्यानं काय झालं ते टोपी काढली की दिसतं. रक्ताच्या तपासणीत मात्र गोंधळ होऊ शकतो. कारण असं: बऱ्याच मशिनच्या किटमध्ये दोन भाग एकमेकांना चिकटवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी गोंदासारखी वापरतात. तुमच्या रक्तातच बायोटिन मावत नसेल एवढं असलं तर ते आधीच गोंदावर जाऊन बसतं. एस्ट्राडायॉलची तपासणी चढाओढीची: हार्मोन जास्त तर प्रकाश कमी. गोंद सुटला की प्रकाश कमी होतो, आणि मशिन समजतं हार्मोन जास्त आहे. सगळ्या मशिनमध्ये ही जोडी नसते, पण ज्यात असते त्यात हे होतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रण संस्थेनं, २०१७ सालीच याबद्दल इशारा दिला होता. आमच्या सेंटरवर रक्त काढण्याआधी मला विचारलं काय, तर "उपाशी हाये का?" या तपासणीला उपाशी असण्याचं काही काम नाही. गोळ्यांचं विचारायला पाहिजे होतं.

बायोटिन आठ दिवस बंद ठेवून परत त्याच सेंटरवर गेलो. या वेळी काटेवाल्याची खोड केली. आमच्याकडं एखाद्या वजनावर वाद झाला की गाडी काट्यावरून उतरवून परत चढवतात. दोन वजनं जुळली तर पावती पक्की. तसं मी एकाच वेळी दोन ट्यूब रक्त दिलं. एक माझ्या नावानं, एक साळ्याच्या नावानं, दोन्हीचे पैसे मोजून. साळ्याला विचारलं नव्हतं, हे इथं कबूल करतो. रक्त तेच, हात तोच, वेळ तीच.

माझ्या नावाचा रिपोर्ट: ३३. साळ्याच्या नावाचा: ४१.

पुरुषांची रेंज मी तोवर भाच्याकडून मिळवली होती, त्या पद्धतीची ११.३ ते ४३.२. म्हणजे मी बरा होतो आणि साळा काठावर. एकाच शिरेतून निघालेल्या रक्तात ८ चा फरक. बाईच्या ३०० वर ८ इकडं-तिकडं झाले तर कोणाला फरक पडत नाही. माझ्या तेहतीसवर तो पाव हिस्सा झाला.

आकडा बिघडण्याचं आणखी एक कारण भाच्यानं सांगितलं, आणि ते मला फार पटलं. या पद्धतीत ॲन्टिबॉडी हार्मोनला त्याच्या आकारावरून ओळखते. रक्तात त्याचे चुलतभाऊही फिरत असतात, थोडेफार तसेच दिसणारे. पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन असतं समजा ५०० नॅनोग्रॅम दर डेसिलिटरला, म्हणजे एका मिलिलिटरात ५,००० पिकोग्रॅम. ॲन्टिबॉडीनं हजारात एकदा जरी चुकून त्यालाच धरलं, तरी ५ पिकोग्रॅम फुकटचे वाढले. बाजारात हजार माणसांत एकदा चेहरा ओळखण्यात चूक होणं, हे चांगल्या नजरेचंच लक्षण. पण आपल्याला शोधायची माणसं वीस-बावीसच असली तर ती एक चूकही महागात पडते. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं, २०१३ साली एस्ट्राडायॉल मोजण्यातल्या अडचणींवर एक निवेदनच काढलं होतं. म्हणजे माझा साळा एकटाच काठावर नव्हता.

दुसरं ठिकाण वर्ध्यातली एक छोटी लॅब. पद्धत एलायझा, ५०० रुपये, आणि रिपोर्टला सहा दिवस. सहा दिवस का, तर ९६ खाचांची प्लेट असते आणि पुरेशी सॅम्पलं जमल्याशिवाय ती लावणं परवडत नाही. आमच्याकडं गाडी भरल्याशिवाय नागपूरला जात नाही तसंच. पण लॅबवाला माणूस दिलदार. मी काट्यावर आहे म्हटल्यावर म्हणाला, या पाहायला, आज लावून राहिलो.

ही प्लेट पाहण्यासारखी असते. हातात मावणारं पारदर्शक प्लास्टिक, त्यात आठ रांगा बारा खाचांच्या. रंग टाकला की निळं होतं, मग ॲसिडचा थेंब टाकला की क्षणात पिवळं. जितकं गडद पिवळं तितकं हार्मोन कमी, उलटा हिशेब. पहिल्या उभ्या ओळीत किटसोबत आलेली ठरलेली मापं: ०, २५, १००, २५०, ५००, १०००, २०००. वरून खाली पिवळा रंग फिका होत जातो, हळदीच्या पाण्यात पाणी ओतत जावं तसा. मग त्यानं बोट ठेवून माझी खाच दाखवली. मी डोळे बारीक करून पाहिलं. शून्याच्या खाचेत आणि पंचविसाच्या खाचेत मला काहीच फरक दिसेना, आणि माझी खाचही त्यांच्यासारखीच. मशिनला दिसतो म्हणा, ते ४५० नॅनोमीटरवर मोजतं. पण तोच म्हणाला, "इथं खाली रेघ अशी पडते की जरासा रंग इकडंतिकडं झाला तं आकडा पाचनं हालते जी." ही शिडी २००० पर्यंत चढते, आणि मला त्यातल्या पहिल्या पायरीच्या आसपास मोजायचं होतं.

आकडा आला २७. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला पाच तारे, पद्धतीला माझ्या कामापुरते दोन. रेडिओइम्युनोॲसे नावाची याहून जुनी रीत होती, किरणोत्सारी आयोडिन वापरून मोजायची. ती शोधण्याबद्दल रोझॅलिन यॅलो या बाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. आता ती आमच्याकडं कोणी करत नाही, म्हणून पुढं जातो.

तिसरी पद्धत एलसी-एमएस/एमएस. ही हिंगणघाटला नाही, वर्ध्याला नाही. नागपूरच्या एका मोठ्या साखळीच्या शाखेत रक्त घेतात आणि मुंबईला पाठवतात. ३,४०० रुपये. आकडा ऐकून बायको म्हणाली, "इतल्ल्यात तं एक क्विंटल सोयाबीनची अर्धी-पाऊण किंमत गेली." तरी गेलो. एप्रिल, सकाळी सहाची लालपरी, पंचाहत्तर किलोमीटर. इथं मात्र त्यांनी विचारलं: गोळ्या कोणत्या चालू आहेत, बायोटिन आहे का, रक्त सकाळचं आहे ना. जेल नसलेली साधी लाल टोपणाची ट्यूब घेतली. रक्त गोठू दिलं, फिरवलं, वरचं पिवळं पाणी वेगळ्या कुपीत काढलं आणि माझ्यासमोर फ्रीजरमध्ये ठेवलं. बाहेर तेव्हा चाळीसच्या वर पारा. ट्यूब तशीच्या तशी डब्यात टाकून मोटरसायकलवर फिरवणारी पोरं मी आमच्याकडं पाहिली आहेत, त्यामुळं हे पाहून बरं वाटलं.

ही पद्धत मला पहिल्या झटक्यात समजली, कारण ती जिनिंगसारखीच आहे. आधी वेगळं करा, मग वजन करा. कापूस जसाच्या तसा तोलला तर रुई किती आणि सरकी किती हे कसं कळणार? म्हणून आधी जिनमधून काढतात. इथं रक्तातलं पाणी एका बारीक नळीतून सोडतात. तिथं एकेक जिन्नस आपापल्या वेळेला बाहेर पडतो, एस्ट्राडायॉल वेगळं, त्याचे चुलतभाऊ वेगळे. मग त्याला विजेचा भार देऊन वजनावर निवडतात. २७१ वजनाचा कण तेवढा पुढं जाऊ देतात, त्याला फोडतात, आणि १४५ वजनाचा तुकडा निघाला तरच हे एस्ट्राडायॉल असं धरतात. दोन काटे एकापुढं एक, म्हणून नावात एमएस दोनदा. वर आणखी, सुरुवातीलाच प्रत्येक सॅम्पलमध्ये जड हायड्रोजन घातलेलं एस्ट्राडायॉल मोजून टाकतात. वाटेत कुठं सांडलं-लवंडलं तर त्या खुणेच्या मालावरून घट कळते. आमच्या धंद्यात असं काही असतं तर अर्धी भांडणं झाली नसती.

नववा दिवस. रिपोर्ट मोबाइलवर आला: ८३.

जेवत होतो. घास खाली ठेवला. ६१ वरून ८३! भाचा फोन उचलेना. बायको विचारते काय झालं, मी काही बोलेना. मग हात धुऊन चष्मा लावला आणि आकड्यापुढची बारीक अक्षरं वाचली. पीएमओएल प्रति लिटर. पिकोमोल. अरे बाप्पा. हे तर क्विंटल आणि खंडीसारखं झालं. रुईचा भाव खंडीत बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो, आणि नवा माणूस तो क्विंटलचा समजून बसला तर त्याचं दिवाळं निघेल. भाच्यानं पूर्वी सांगून ठेवलं होतं: पिकोमोलला ३.६७ नं भागलं की पिकोग्रॅम. काट्यावरच्याच कॅल्क्युलेटरवर भागलं. २२.६.

साखळीवाल्यांना यासाठी माझ्याकडून एक तारा कमी. बाकीच्या साऱ्या देशी रिपोर्टांवर पिकोग्रॅम असताना एकच आकडा वेगळ्या मापात द्यायचा आणि खाली एक ओळ लिहायची नाही, हे बरोबर नाही. हेल्पलाइनवर फोन केला होता. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा हार्मोन मोजण्याच्या प्रमाणीकरणाचा कार्यक्रम आहे, त्यात टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्राडायॉल दोन्ही येतात. तुमची लॅब त्यात आहे का, असं विचारलं. ती पोरगी म्हणाली, "सर, आपला फीडबॅक नोंदवला आहे." एनएबीएलचं, म्हणजे आपल्या देशात लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, मात्र बघता येतं. नुसता दारावरचा लोगो पाहू नका. लॅबच्या मान्यतेसोबत तपासण्यांची यादी असते, पद्धतीसकट. आपली तपासणी त्या यादीत आहे का तेवढं पाहा. आमच्या तालुक्यातल्या सेंटरच्या दारावर लोगो होता. रक्त ज्या लॅबला जायचं तिच्या यादीत एस्ट्राडायॉल मला सापडलं नाही.

हे सगळे कागद घेऊन सेवाग्रामला गेलो. ओपीडीत गर्दी नेहमीचीच, नंबर लागायला दुपार झाली. डॉक्टर तरुण. त्यांनी पाच रिपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, चार उलटे ठेवले, नागपूरवाला तेवढा जवळ ओढला. "हा धरू आपण. हा नॉर्मल आहे." मग पडद्यामागं नेऊन नीट तपासलं, दोन बोटांच्या चिमटीत. चरबी आहे की खरंच ग्रंथी, हे असंच कळतं म्हणाले. खालचंही तपासलं. तिथं गाठ असली तरी छातीला असं होऊ शकतं. आधीच्या डॉक्टरांनी यातलं काहीच केलं नव्हतं. मग विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

बीपीच्या चार. तीन जुन्या, आणि बीपी आटोक्यात येईना म्हणून गेल्या पावसाळ्यात चौथी लागली होती, स्पायरोनोलॅक्टोन. ते हसलेच. ही गोळी टेस्टोस्टेरॉनला पेशीपाशी जाऊन अडवते, मग एस्ट्राडायॉल वाढलेलं नसलं तरी त्याचंच पारडं जड होतं. हृदयाच्या रुग्णांवरच्या, १९९९ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ही गोळी घेणाऱ्या पुरुषांत दहातल्या एकाला छातीचा असा त्रास झाला होता. त्यांनी ती बदलून एप्लेरेनोन लिहिली, बीपी मोजायला पंधरा दिवसांनी बोलावलं, पोटॅशियमही तपासायला सांगितलं. ॲनास्ट्रोझोलची चिठ्ठी मी दाखवली तेव्हा त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. एक शब्द बोलले नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग ३,४०० रुपये पाण्यात गेले की, तपासलं असतं आणि गोळ्या विचारल्या असत्या तर काम झालं असतं. अर्धं खरं आहे. पण हातात ६१ चा कागद होता, आणि तो खोडायला त्याच्याहून बारीक काटा लागला. उलट शेजारच्या घरची सून नागपूरला मूल होण्यासाठी उपचार घेते, तिचं एस्ट्राडायॉल दर दोन दिवसांनी त्या झटपट मशिनवरच करतात आणि संध्याकाळी डोस ठरतो. तिथं तेच बरोबर. तिचा आकडा १,४०० असताना नऊ दिवस मुंबईची वाट पाहत कोण बसेल? पुरुष, लहान लेकरं, आणि पाळी गेल्यावर ॲनास्ट्रोझोलसारखी गोळी घेणाऱ्या बाया, यांचा आकडा मुळातच तळाशी असतो. त्यांनी पैसे द्यायच्या आधी मेथड विचारावी.

तीन महिने झाले. दुखणं गेलं, सुपारीची आता तूरडाळ झाली आहे. केसाच्या गोळ्या बंद, टोपी चालू.

परवा त्या पहिल्या सेंटरच्या पोराचा फोन आला. "काका, गुगलवर रेटिंग द्या ना जी." मी म्हटलं, देतो, तीन तारे, तुझ्या हातासाठी. पण आधी सांग, रिपोर्टवर पुरुषांची रेंज छापायला लागले का? जरा थांबून म्हणाला, "हाये जी कम्प्युटरमधी. प्रिंट मारली का येत नाई."